न पाहिलेलं नाणं

एखादी वस्तू कुठे पोचली म्हणजे तिच्या देशाचा माणूसही तिथे पोचला असणार, असं मी फार वर्षं धरून चालले. इतिहास शिकवणाऱ्या बाईने असं धरून चालावं, हे बरं नव्हे. या एका समजुतीपायी मी गणेशोत्सवात चुकीचं व्याख्यान दिलं, स्मरणिकेत चुकीचा लेख लिहिला, माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या एका मुलीला भर सभेत निरुत्तर व्हायला लावलं आणि पाहुणा म्हणून आलेल्या गृहस्थांचा चारचौघांत अपमान केला. माझी चुकीची वाक्यं छापली गेली आहेत. दुरुस्ती मात्र मी आजवर तोंडीच करत आले. ती लेखी व्हायला हवी, म्हणून हे लिहिते आहे.

मी रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात वाढले आणि इथेच एका शाळेत नोकरी केली. बूढ़ा तलावाभोवतीच्या या जुन्या वस्तीत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काही भोसल्यांच्या कारभाराबरोबर आली, काही नंतर नोकऱ्यांच्या निमित्ताने. लहानगे विवेकानंद १८७७ मध्ये रायपुरात आले, ते या भागात राहिले. मराठी घरात जन्मून छत्तीसगडातल्या हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्या माधवराव सप्र्यांच्या नावाची शाळा इथेच आहे. तरीही पुण्या-नागपूरकडचे नातेवाईक आले की विचारतात, "रायपुरात पाहण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न मला लागायचा. त्यावर माझं ठरलेलं उत्तर म्हणजे सिरपूर.

आरंग मागे टाकून महानदीचा पूल ओलांडला की पुढे थोड्या अंतरावर सिरपूर आहे, रायपूरहून साधारण ८० किलोमीटर. जुनं नाव श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. पांडुवंशी राजा हर्षगुप्त गेल्यावर त्याची राणी वासटा हिने त्याच्या स्मरणार्थ बांधलेलं विटांचं विष्णुमंदिर आज लक्ष्मण मंदिर म्हणून ओळखलं जातं. तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन याने पन्नासहून अधिक वर्षं राज्य केलं. स्वतः शिवभक्त, पण त्याच्या काळात बौद्ध भिक्षूंनाही आश्रय होता. आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने उभारलेला विहार त्याच काळातला. हे सारं उजेडात आणणाऱ्या उत्खननांत १९५३ ते १९५६ या वर्षांतलं काम महत्त्वाचं, आणि ते केलं डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी संशोधकाने. पाहुण्यांना हे सांगताना माझा ऊर भरून यायचा. तेवढ्यावर थांबले असते तर एकही वाक्य मागे घ्यावं लागलं नसतं.

पहिली चूक झाली ती गणेशोत्सवातल्या व्याख्यानात. विषय मीच निवडला होता : चीनचा प्राचीन राजदूत चांग छ्येन. मी रंगून सांगितलं की हा दूत व्यापाराचा मार्ग शोधायला निघाला, वाळवंटं आणि पर्वत ओलांडून हिंदुस्थानात आला आणि आपल्या देशाची वार्ता चीनला घेऊन गेला. टाळ्या पडल्या. त्यातलं शेवटचं अर्धं वाक्य तेवढं खरं होतं.

खरी हकीकत सिमा छ्येन या चिनी इतिहासकाराने 'शिची' या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे, आणि ती मी सांगितलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी आहे. हान सम्राट वू याला उत्तरेकडच्या श्युंगनू या भटक्या, घोडेस्वार लोकांचा उपद्रव होता. या श्युंगनूंनी युएची नावाच्या दुसऱ्या टोळीचा पराभव करून त्यांना पश्चिमेकडे हुसकावलं होतं. या युएचींना गाठावं आणि शत्रूवर दोन्ही बाजूंनी चाल करावी, असा सम्राटाचा बेत. व्यापाराचा विचार त्यात नव्हता, हवा होता लढाईतला साथीदार. या कामावर इ.स.पू. १३८ मध्ये चांग छ्येन शंभरावर माणसं घेऊन छांगआनहून निघाला. कान-फू नावाचा एक सेवक त्याच्या सोबत होता. वाटेत श्युंगनूंनी सगळ्यांना पकडलं. दहा वर्षं तो त्यांच्या ताब्यात राहिला. त्यांनी त्याचं लग्न लावून दिलं, मुलं झाली, पण सम्राटाने दिलेला दूतपदाचा दंड त्याने हातचा जाऊ दिला नाही. संधी मिळताच तो निसटला तो घराकडे न जाता पश्चिमेकडेच. फरगणा खोऱ्यातून पुढे जात त्याने युएचींना गाठलं. तोवर ते ऑक्सस नदीच्या काठी सुपीक मुलखात स्थिरावले होते. जुन्या वैराचा सूड घेण्यात त्यांना आता गोडी उरली नव्हती. वर्षभर राहूनही चांग छ्येनला होकार मिळाला नाही. परतताना श्युंगनूंनी पुन्हा पकडलं, पुन्हा वर्षभर कैद. श्युंगनूंच्या राज्यात वारसाहक्कावरून दंगल उसळली तेव्हा तो बायकोला आणि कान-फूला घेऊन निसटला आणि इ.स.पू. १२६ च्या सुमारास मायदेशी पोचला. शंभरावर गेलेल्यांपैकी परत आले ते दोघेच.

ज्या कामासाठी गेला ते काम झालं नाही. मग दोन हजार वर्षं त्याचं नाव का घेतलं जातं? त्याने दिलेल्या अहवालामुळे. त्यातला हिंदुस्थानचा भाग मी व्याख्यानात पार उलटा करून सांगितला होता.

बॅक्ट्रियाच्या, म्हणजे बल्खच्या, बाजारात चांग छ्येनला आपल्या देशाच्या सिचुआन भागातल्या बांबूच्या काठ्या आणि तिथलंच कापड दिसलं. त्याच्या आधी त्या बाजारात चिनी दूत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, मग हा माल आला कुठून? त्याने व्यापाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, आमचे लोक शेन्दूला जाऊन विकत आणतात. शेन्दू म्हणजे आपला देश. तो आग्नेयेला काही हजार ली (ली हे चिनी अंतराचं माप) दूर आहे, तिथे उष्ण आणि दमट हवा असते, लोक हत्तीवर बसून लढतात, मोठी नदी आहे, असं व्यापाऱ्यांनी सांगितलं आणि त्याने ते सम्राटाला कळवलं. सिमा छ्येन इथे एक गोष्ट स्पष्ट करतो : चांग छ्येन स्वतः ज्या देशांत गेला ते चार, आणि आजूबाजूच्या आणखी पाच-सहा मोठ्या देशांबद्दल त्याने ऐकलं. हिंदुस्थान या ऐकलेल्यांत होता.

मी मात्र त्याला हिंदुस्थानात आणून उभं केलं. काठ्या हिंदुस्थानातून बल्खला गेल्या, दूताने त्या पाहिल्या, या दोन खऱ्या गोष्टींमध्ये मी तिसरी घुसडली. तीही कुठे वाचून नव्हे. बोलण्याच्या भरात सुचली आणि कानाला गोड वाटली म्हणून.

दुसरी चूक आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत झाली. ती अधिक गंभीर, कारण ती छापली गेली. सिरपूरच्या उत्खननात एक चिनी नाणं मिळालं, अशी ओळ मी एका हिंदी माहितीपुस्तिकेत वाचली होती. सातव्या शतकात युआन श्वांग हा चिनी भिक्षू कोसल देशात आला होता, हे तर पाठ्यपुस्तकातही असतं. मी दोन्ही ओळी जोडल्या आणि लिहून टाकलं : 'युआन श्वांगने सोबत आणलेलं नाणं सिरपूरच्या विहारात सापडलं आणि त्यामुळे तो इथेच मुक्कामाला होता हे सिद्ध झालं.' लेख सगळ्यांना आवडला. दोघातिघांनी फोन करून सांगितलं की रायपूरचं इतकं मोठं भाग्य आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीने तो लेख आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी घेतला. मीच तिच्याकडून भाषण पाठ करून घेतलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं शिकवलं. स्पर्धेत परीक्षकांपैकी एकाने विचारलं, "या नाण्याचा काळ कोणता?" तिला सांगता आलं नाही, कारण ते मीही तिला सांगितलं नव्हतं. त्यांनीच मग सांगितलं : या नाण्याची नोंद चिनी राजा कै-युआन, इ.स. ७१३ ते ७४१, अशी आहे, आणि युआन श्वांग वारला ६६४ मध्ये. मग ते त्याने आणलं कसं? मुलगी व्यासपीठावर तशीच उभी राहिली.

संध्याकाळी ती आईबरोबर आमच्याकडे आली. रडत नव्हती. तिने सरळ विचारलं, "काकू, तुम्ही ते नाणं पाहिलंय का?"

मी पाहिलं नव्हतं. नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "अगं, पुस्तकात आहे ते." वर असंही म्हणाले की परीक्षकांनी लहान मुलांना असले प्रश्न विचारू नयेत. तिच्या आईने मान डोलावली, मुलगी गप्प बसली. लेखातल्या चुकीपेक्षाही त्या संध्याकाळचं माझं ते उत्तर मला जास्त सलतं. चूक अजाणता झाली होती, पण उत्तर देताना मी पूर्ण शुद्धीवर होते. एका मुलीने योग्य प्रश्न विचारला आणि मी तिला तो विचारल्याबद्दल अपराधी वाटेल असं वागले.

रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीला लागले, आणि तिथे तिसरी चूक केली. परीक्षकांनी सांगितलेलं साल खरं धरून मी सगळ्यांना सांगू लागले की नाणं आठव्या शतकातलंच आहे, युआन श्वांगच्या मागाहून आलेलं आहे, आता यात शंका नको. आधीच्या वाक्यात जेवढा ठामपणा होता तेवढाच याही वाक्यात होता. पुढे नाण्यांचा अभ्यास असलेल्या एका जाणत्या गृहस्थांशी गाठ पडली तेव्हा त्यांनी समजावून दिलं.

कै-युआन हे कुठल्या सम्राटाचं नाव नव्हे. थांग वंशातला सम्राट श्वेनत्सुंग याच्या कारकिर्दीतल्या ७१३ ते ७४१ या कालखंडाला ते नाव होतं. आणि मधे चौकोनी भोक आणि भोवती चार चिनी अक्षरं असलेली 'कै-युआन थुंगपाओ' नावाची गोल तांब्याची नाणी त्या कालखंडाच्या कितीतरी आधी, इ.स. ६२१ मध्ये, थांग वंशाच्या पहिल्या सम्राटाने काढली. तीच घडण पुढे जवळजवळ तीनशे वर्षं चालू राहिली. म्हणजे नाण्यावर ही अक्षरं आहेत एवढ्यावरून ते ७१३ नंतरचं ठरत नाही. ते आधीचंही असू शकतं, पुष्कळ नंतरचंही.

हे ऐकताच माझ्या मनात काय आलं, तेही लिहायला हवं. युआन श्वांग चीनहून निघाला ६२९ मध्ये. नाणी सुरू झाली ६२१ मध्ये. म्हणजे आणता आलं असतं त्याला! माझं मन पुन्हा त्याच वाटेला धावलं. त्या गृहस्थांनी माझा चेहरा वाचला असावा. ते म्हणाले, "ताई, आणता आलं असतं आणि आणलं, यात फार अंतर आहे." मग त्यांनी सांगितलं की तंजावरच्या बाजूला चिनी नाण्यांचे मोठाले साठे सापडले आहेत. ती नाणी समुद्रावरच्या व्यापारातून आली, भिक्षूंच्या झोळीतून नव्हे. सिरपूर महानदीच्या काठी आहे आणि महानदी ओडिशातून बंगालच्या उपसागराला मिळते. एखादं नाणं बंदरातून व्यापाऱ्याच्या हाती, तिथून दुसऱ्याच्या, तिथून यात्रेकरूच्या, असं हात बदलत विहारापर्यंत येऊ शकतं. त्या प्रवासात चिनी माणूस एकदाही लागत नाही.

बल्खच्या बाजारातल्या काठ्या मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजल्या. त्या कुणा चिनी माणसाने नेलेल्या नव्हत्या. सिचुआनमधून निघून, कित्येक हातांतून जात, हिंदुस्थानातून फिरून त्या तिथे पोचल्या होत्या. मी ही गोष्ट व्याख्यानात सांगितली होती, टाळ्या घेतल्या होत्या, आणि तिच्यात जे शिकण्यासारखं होतं तेच शिकले नव्हते. चांग छ्येनने माल पाहिला आणि विक्रेत्याला विचारलं, हे तुमच्याकडे कुठून आलं? मी नाण्याबद्दल वाचलं आणि कुणालाच काही विचारलं नाही.

चांग छ्येनचाही एक अंदाज चुकला, आणि तो चुकला याच जागी. त्याने हिशेब मांडला की हिंदुस्थानात जर सिचुआनचा माल मिळतो, तर तो देश सिचुआनपासून फार लांब नसणार. मग श्युंगनूंच्या मुलखातून जायचंच कशाला, नैर्ऋत्येकडून सरळ सुरक्षित वाट काढावी. सम्राटाला हे पटलं. चार वाटांनी दूत धाडले गेले. हजार-दोन हजार ली गेल्यावर सगळे अडले. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात खुनमिंग लोकांनी दूतांना लुटलं, ठार केलं. वाट उघडली नाही. पण त्याच दूतांच्या कानावर आलं की आणखी पश्चिमेला हत्तीवर बसणाऱ्या लोकांचा देश आहे आणि सिचुआनचे व्यापारी चोरून माल घेऊन कधीमधी तिथवर जातात. माल जात होता. सम्राटाच्या दूताला मात्र तीच वाट बंद होती. एवढ्या अनुभवी माणसालाही माल जातो तिथून माणूस जाईल असं वाटलं. पण त्याने तो अंदाज अंदाज म्हणूनच मांडला होता, आपण त्या वाटेने जाऊन आलो असं म्हटलं नव्हतं.

चौथी चूक माणसाशी वागण्यातली. एकदा पाहुण्यांच्या घोळक्याबरोबर चंद्रपूरकडचे एक वयस्कर गृहस्थ सिरपूरला आले होते. विहारात उभी राहून मी नेहमीसारखं सांगत होते की युआन श्वांगने वर्णन केलेली कोसलची राजधानी ती हीच. नाण्याचं बोलणं मी तोवर सोडलं होतं, पण हे सोडलं नव्हतं. ते सौम्यपणे म्हणाले, "बाई, कनिंगहॅमने ती राजधानी आमच्या चांद्याकडे धरली होती, असं वाचल्याचं आठवतं." मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्याकडे असं विटांचं देऊळ असेल तर दाखवा, मग बोलू." लोक हसले. ते गृहस्थ परतीच्या प्रवासात फारसे बोलले नाहीत.

घरी येऊन मी शोधलं. ते म्हणत होते ते बरोबर होतं. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात ती राजधानी चांद्याला मानली होती. जेम्स फर्ग्युसन यांनी वैरागड सुचवलं होतं, तेही विदर्भातलंच. मुळात असा वाद होण्याचं कारण मूळ ग्रंथातच आहे. युआन श्वांग सांगतो की कलिंगाहून वायव्येला डोंगर आणि जंगलांतून सुमारे १८०० ली गेल्यावर कोसल लागतं. राजा क्षत्रिय आहे, बुद्धाच्या धर्माला मान देतो. सुमारे शंभर विहार आहेत, दहा हजारांच्या आसपास महायानी भिक्षू आहेत, देवांची सत्तरेक मंदिरं आहेत. नागार्जुनाची कथा तो विस्ताराने सांगतो. पण राजधानीचं नाव तो देत नाही. आज अनेक अभ्यासक सिरपूरच्या बाजूने आहेत, त्यांची कारणंही भक्कम आहेत : त्या काळी दक्षिण कोसलाची राजधानी श्रीपूर होती आणि तिथे विहार होते. तरीही हा अभ्यासकांनी जुळवून काढलेला निष्कर्ष आहे. युआन श्वांगने 'मी श्रीपूरला राहिलो' असं लिहिलेलं नाही. मग अमुक विहारातल्या अमुक खोलीत तो राहिला, हे मी कशाच्या बळावर सांगत होते?

मी त्या गृहस्थांना पत्र लिहून माफी मागितली. त्यांनी उत्तरात मला भद्रावतीला बोलावलं. मी गेले. त्यांनी स्वतः विजासनची बौद्ध लेणी दाखवली, प्रत्येक ठिकाणी कुठला निष्कर्ष कुणाचा हे सांगितलं, आणि आपल्या गावाच्या बाजूने एकही शब्द वाढवला नाही. गावावर प्रेम करण्याची ही रीत मला त्या वयात शिकायला मिळाली.

मी हे सारं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. खोटं बोलायचं म्हणून नक्कीच नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना आपलं गाव आडबाजूचं नाही हे सतत सिद्ध करावंसं वाटतं. युआन श्वांग महाराष्ट्रातही गेला होता, तिथल्या स्वाभिमानी आणि उपकार न विसरणाऱ्या लोकांचं त्याने वर्णन केलं, पुलकेशीच्या सामर्थ्याबद्दल लिहिलं. ते वर्णन नातेवाईक अभिमानाने सांगत तेव्हा मला आमच्यासाठीही तसंच काही हवं असायचं. आणि समोरच्यांचे डोळे विस्फारले की पुढचं वाक्य थोडं आणखी मोठं होतं.

हे फार जुनं दुखणं आहे. चांग छ्येनला मानमरातब मिळाल्यावर काय झालं, तेही सिमा छ्येनने लिहून ठेवलं आहे. त्याच्यासारखं पद मिळावं म्हणून कितीतरी लोक परदेशांच्या नवलकथा घेऊन दरबारात येऊ लागले. ज्याने मोठ्या गोष्टी सांगितल्या त्याला दूतपदाचा दंड मिळाला, ज्याने बेताचं सांगितलं त्याला दुय्यम जागा. पुढे अशा दूतांवरचा परक्या देशांचा विश्वास उडत गेला. चांग छ्येनच्या शब्दाला मात्र बाहेर इतकी किंमत होती की नंतरचे दूत त्याचीच पदवी, पोवांगचा सरदार, स्वतःला लावून घेत. हे वाचताना मला त्या मोठ्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या रांगेत मी दिसले.

चांग छ्येन स्वतः काही अपयशापासून वाचला नव्हता. इ.स.पू. १२१ च्या मोहिमेत तो ठरल्या वेळी सैन्यासह पोचला नाही. त्याला मृत्युदंड सुनावला गेला. दंडाची रक्कम भरून जीव वाचला, पण सरदारकी गेली. तरी सम्राट त्याला पश्चिमेच्या देशांबद्दल विचारत राहिला आणि काही काळाने वूसुन लोकांकडे पाठवलं, या वेळी तीनशे माणसं, हजारो गुरं-मेंढ्या, सोनं आणि रेशीम देऊन. तिथून त्याने आपले उपदूत निरनिराळ्या देशांकडे धाडले, त्यांत हिंदुस्थानही होता. स्वतः तो परतला आणि वर्षभरात वारला. पदवी गेली तरी त्याचं सांगणं कुणी कमी लेखलं नाही, कारण त्यात भर घातलेली नसे.

युआन श्वांगच्या प्रवासवृत्तातही हीच काळजी आहे. ६४६ मध्ये तो ग्रंथ सिद्ध करणारा त्याचा शिष्य प्येनची शेवटी खुलासा करतो की स्वतः चालून पाहिलेल्या जागांसाठी एक क्रियापद वापरलं आहे आणि ऐकून नोंदलेल्यांसाठी दुसरं. या दोघांच्या कथा सांगत मी आयुष्य घालवलं आणि त्यांनी पाळलेला नेम मात्र मी पाळला नाही. अशी सरमिसळ मोठ्या कलाकारांकडूनही झाली आहे. तुनह्वांगच्या ३२३ क्रमांकाच्या लेण्यात थांग काळातलं एक चित्र आहे. त्यात सम्राट वू चांग छ्येनला सोन्याच्या बुद्धमूर्तींचं नाव विचारून यायला पाठवतो आहे. जुन्या नोंदीत असं काही नाही. श्रद्धावान चित्रकाराने आपल्या मनातलं कारण त्या दूताच्या प्रवासाला जोडलं. त्याची श्रद्धा मला कळते. पण इतिहास शिकवणारीने तशी सूट घ्यायची नसते.

त्या मुलीकडे मी नंतर गेले. ती तोवर कॉलेजात होती. मी नाणं पाहिलं नव्हतं, हे तिला तिच्या आईसमोर सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, काकू." मग म्हणाली, हे तुम्ही मंडळात सांगाल का? मी पुढच्या कार्यक्रमात सांगितलं. काही जणांना रुचलं नाही. कशाला उगीच आपल्या गावाचं महत्त्व कमी करता, असं एकाने म्हटलं.

महत्त्व कमी होत नाही, असं मला मनापासून वाटतं. चीनच्या टाकसाळीतलं तांब्याचं नाणं महानदीकाठच्या विहाराच्या जागेत मिळतं, त्या अर्थी श्रीपूर जगापासून तुटलेलं गाव नव्हतं. डोंगरांपलीकडच्या, समुद्रापलीकडच्या माणसांच्या हातांची साखळी इथवर येत होती. त्या साखळीतल्या एकाचंही नाव आपल्याजवळ नाही. मी तिथे एका प्रसिद्ध भिक्षूला आणून बसवलं तेव्हा त्या सगळ्या अनामिक व्यापाऱ्यांना, नावाड्यांना, यात्रेकरूंना पुसून टाकलं होतं.

आता सिरपूरला कुणाला नेलं तर मी वाक्याची सुरुवातच तशी करते : हे इथे दिसतं आहे, हे ताम्रपटात किंवा शिलालेखात आहे, हे युआन श्वांगने लिहिलं आहे, हा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे, आणि हे मला वाटतं. सांगायला वेळ जास्त लागतो. पण मुलं अधिक प्रश्न विचारतात, असा माझा अनुभव आहे.

बूढ़ापाऱ्यातल्या आणि रायपुरातल्या ज्या घरांत आमची ती स्मरणिका अजून असेल, त्यांना विनंती आहे. माझ्या लेखातलं नाण्याचं वाक्य खोडावं आणि तिथे लिहावं : 'सिरपूरच्या उत्खननात थांग काळातल्या घडणीचं एक चिनी नाणं मिळालं, ते कुणी आणलं हे त्यावरून ठरत नाही.' युआन श्वांगच्या मुक्कामाचं वाक्य खोडून लिहावं : 'तो कोसल देशात आला होता, त्याने पाहिलेली राजधानी सिरपूर असावी, असं अनेक अभ्यासक मानतात, आणि चांदा व वैरागड यांचीही नावं पुढे आली होती.' आणि ज्यांनी माझं गणेशोत्सवातलं व्याख्यान ऐकलं असेल त्यांनी मुलानातवंडांना सांगावं, की चांग छ्येन हिंदुस्थानात आला नाही. त्याने बल्खच्या बाजारात एक काठी पाहिली, ती कुठून आली हे विचारलं, आणि मिळालेलं उत्तर ऐकीव म्हणूनच सम्राटापुढे ठेवलं.